शाळा शुक्रावर

सकाळी सव्वादहा वाजता नववी ‘ब’ने आपली शाळा शुक्र ग्रहावर असल्याचं जाहीर केलं.

जाहीर करणारी मेहजबीन मुजावर होती. ती संगणकाच्या खोलीच्या दारात उभी होती, एका हातात माझं घड्याळ, दुसऱ्या हातात खडू. तिच्यामागे चौकटीच्या खिळ्याला दोरीनं टांगलेला नारळ अजून हलकासा डुलत होता.

“बाई, तीनदा मोजलं,” ती म्हणाली. “तिन्ही वेळा शुक्रच येतोय.”

“पृथ्वी नाही?”

“पृथ्वी जवळपास पण नाही.”

“तरीच,” मागच्या बाकावरून धनपाल चौगुले म्हणाला. “सकाळपासनं अंग हलकं हलकं वाटतंय.”

“तुझा गणिताचा तास बुडाला की तुला रोजच हलकं वाटतं,” मेहजबीन मागे न बघता म्हणाली.

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण दुपारी अडीच वाजता पुण्याहून बेहेरे साहेब येणार होते.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. गाव तांबडवडे, सांगलीपासून एसटीनं तासाभराच्या अंतरावर. पुण्याच्या एका विश्वस्त संस्थेनं आमच्या हायस्कुलाला पाच संगणक दिले होते, आणि त्या संगणकांवर विज्ञान शिकवायला मला दिलं होतं. दोन्ही वर्षभराच्या बोलीवर. वर्ष संपताना संस्थेचा माणूस येऊन बघणार, मुलांना खरंच काही कळलंय की नुसती बटणं दाबता येतात. कळलं असेल तर संगणक राहणार आणि मीही राहणार. नसेल तर दुसऱ्या शाळेत. शेजारच्या तालुक्यातल्या शाळेत हेच बेहेरे साहेब गेले होते, आणि परत जाताना तिथले पाचही संगणक टेम्पोत घालून घेऊन गेले, अशी बातमी आमच्याकडे आठ दिवस आधीच पोचली होती.

संगणकांत पंचवीसेक प्रयोग भरलेले होते. प्रयोग म्हणजे हलती चित्रं, पण आपण सांगू तशी हलणारी. मुलांचा आवडता प्रयोग लंबकाचा. पडद्यावर एका दोरीला वाटाण्याएवढा गोळा. खाली तीन सरकत्या कळा: एकीनं दोरीची लांबी बदलायची, दुसरीनं गोळ्याचं वजन, तिसरीनं झोक्याचा आवाका. बाजूला ग्रहांची यादी. ग्रह बदलला की तिथल्या गुरुत्वाकर्षणाप्रमाणे लंबकाची चाल बदले. चंद्रावर तो पेन्शनर माणसासारखा रमतगमत जाई. गुरूवर शिवणयंत्राच्या सुईसारखा. मुलांना हे सगळं तोंडपाठ झालं होतं. एक मीटर लांबी आणि वीस झोके धरले तर पृथ्वीवर चाळीस सेकंद, शुक्रावर बेचाळीस, चंद्रावर शंभराला थोडे कमी.

आदल्या दिवशी मी त्यांना एक काम दिलं होतं. खराखुरा लंबक करा, आणि पडद्यातली पृथ्वी नि आपली पृथ्वी एकच आहे का ते बघा. साहेबांना दाखवायला बरं, एवढाच माझा हेतू.

लंबकाला धातूचा गोळा हवा होता. गोळे प्रयोगशाळेच्या कपाटात होते आणि कपाटाची किल्ली वडगावे सरांच्या कमरेला. वडगावे सर आमचे विज्ञानाचे ज्येष्ठ शिक्षक, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. “गोळे दहावीसाठी असतात,” ते मुलांना म्हणाले. “गेल्या साली नववीला दिले, तर एक गोट्यांत गेला. तुम्हाला काय कमी आहे? तुमचे गोळे पडद्यात आहेत ना?”

मुलांनी मग नारळ घेतला. त्या नारळालाही इतिहास होता. खोलीच्या उद्घाटनाला आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब शिरोटे यांनी हट्टानं पाच संगणकांसाठी पाच नारळ आणले होते. चौथा फोडताना त्यांचा खांदा धरला. पाचवा तसाच राहिला. पुढे पाचवा संगणक दर दोन दिवसांनी मध्येच अडकून बसायला लागला, तेव्हा मुलांनी त्याचं निदान लगेच केलं: त्याचा नारळ व्हायचा राहिलाय.

आता त्याच नारळाच्या शेंडीला दोरी बांधून त्यांनी तो दाराच्या चौकटीत लटकवला होता. खिळा उद्घाटनाच्या तोरणाचा.

“नारळ जड असतो,” मी म्हणाले, पण म्हणतानाच मला कळलं की हे उत्तर नाही.

“वजनानं काही होत नाही बाई,” मेहजबीन म्हणाली. “तुम्हीच दाखवलंय. कळ इकडून तिकडे नेली तरी चाल तीच.”

“दोरी मोजली का नीट?”

“मी मोजली,” धनपालनं हात वर केला. “बरोब्बर मीटर. शिंप्याची टेप आणलीय घरनं.”

मी स्वतः घड्याळ घेतलं. नारळ थोडा बाजूला ओढून सोडला आणि वीस झोके मोजले. वरचं थोडं सोडून दिलं तर बेचाळीस. आवाका कमी करून मोजले. बेचाळीस. दुसरं घड्याळ आणवलं. बेचाळीस.

“घ्या,” धनपाल म्हणाला. “आता बाईपण शुक्रावर.”

मी भौतिकशास्त्राची पदवीधर होते. एरवी वर्गात दहा मिनिटं शांतपणे विचार केला असता तर कदाचित सुचलंही असतं. पण विचार करायला बसलं की मला टेम्पो दिसत होता.

मधल्या सुट्टीत बातमी खोलीबाहेर गेली. मुलांनी ती शिपायाला सांगितली, शिपायानं चहाच्या टपरीवर सांगितली, आणि टपरीच्या शेजारी आप्पासाहेबांची गुळाची पेढी होती. मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला गेले होते, त्यामुळे आप्पांना अडवणारं कुणी नव्हतं. ते पांढऱ्या टोपीसह थेट संगणकाच्या खोलीकडे आले आणि दारात शिरताना नारळ त्यांच्या पोटावर आपटला. त्या वेळी विसावा झोका चालू होता.

“कुणी टांगलं हे दारात?” पोट चोळत आप्पांनी नारळ धरला, फिरवून बघितला. “आरं, हा तर माझाच की.”

“आप्पा, सोडा, मोजतोय,” मेहजबीन म्हणाली.

आप्पांनी सोडला. मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. “बाई, शाळेत वजन कमी भरतंय म्हणं.”

“तसं काही नाही आप्पा. काहीतरी चुकतंय आमचं.”

“पोरं तर म्हणत्यात तीनदा मोजलं. म्हंजे माझी गुळाची ढेप हितं आणली तर कमी भरंल?”

“तागडीत नाही भरणार,” मेहजबीननं उत्तर दिलं. “ढेप हलकी झाली तर मापंपण तेवढीच हलकी होतील. दांडी सरळच राहील.”

आप्पा विचारात पडले. “आणि स्प्रिंगच्या काट्यावर?”

“त्यावर भरेल कमी.”

“म्हंजे घेताना हितं वर काट्यावर घ्यायचा आणि विकताना खाली बाजारात.”

“आप्पा,” मी म्हणाले, “आपण पृथ्वीवर आहोत.”

“तुमचीच पोरं न्हाई म्हणत्यात, त्याला मी काय करू?” ते खुर्ची ओढून बसले. “असू द्या. पुण्याच्या सायबांना मीच सांगतो. जिल्ह्यात अशी दुसरी शाळा न्हाई.”

मी त्यांना परोपरीनं समजावलं, की साहेबांना हे सांगायचं नाही, मुलांना लंबकाचा प्रयोगही आपण दाखवायला लावणार नाही, पडद्यावरचे ग्रह दाखवू आणि चहा देऊ. आप्पांनी सगळं मान हलवत ऐकलं. गेल्या दहा महिन्यांत मी एवढं शिकले होते, की आप्पांची मान हलते तेव्हा त्यांचं मत बदललेलं नसतं.

सुट्टी संपताना वडगावे सर आले. ते दारात थांबले, नारळाकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, मग वाकून नारळ बाजूला सारत आत आले. फळ्यावर मेहजबीननं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: चंद्र, मंगळ, शुक्र, पृथ्वी, गुरू. शुक्राभोवती गोल.

“वा,” सर म्हणाले. “आणि माझी पेन्शन कुठल्या ग्रहावर जमा होणार?”

“सर,” मी जवळ जाऊन हळूच विचारलं, “काय चुकलंय ते तुम्हाला कळलंय का?”

“कळलंय.”

“कधी?”

“आत्ता. वाकताना.”

“मग सांगा ना.”

“सांगू?” त्यांनी हे मला नाही, सगळ्या वर्गाला विचारलं. कमरेची किल्ली दोन बोटांत फिरवत होते. मजेत होते. वर्षभर मी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मुलांना पळवून पडद्यासमोर बसवते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आज त्यांना वसुलीचा दिवस मिळाला होता.

“नको सर,” मेहजबीन म्हणाली.

मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

“सांगू नका,” ती म्हणाली. “आम्ही बघतो. थोडा वेळ द्या.”

वडगावे सरांची किल्ली फिरायची थांबली. त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. “किती वेळ?”

“माहीत नाही.”

“बरं,” ते म्हणाले आणि पाचव्या संगणकासमोरच्या स्टुलावर जाऊन बसले. “माझा तास रिकामाच आहे.”

“सर,” मी दात आवळून म्हणाले, “अडीचला साहेब येतायत.”

“तिनं नको म्हटलंय. मी कसं सांगू?”

साहेब अडीचला आलेच नाहीत. दीडला आले. मैदानावर धूळ उडाली आणि खिडकीतून आम्हाला दिसलं, की एक टेम्पो झाडाखाली येऊन थांबलाय. रिकामा. हौद्यात फक्त गुंडाळलेले दोर आणि जुनी पोती होती, संगणक बांधताना ओरखडे उठू नयेत म्हणून घालतात तशी. ड्रायव्हरशेजारून एक बारीक, चष्मेवाला माणूस उतरला.

पुढची मुलं खिडकीपासून मागे सरली. मुलांनाही टेम्पोची गोष्ट माहीत होती.

बेहेरे साहेब दाराशी आले तेव्हा नारळ झोके घेत होता. ते थांबले, एक झोका जाऊ दिला आणि मग आत शिरले. मागून शिपाई चहा घेऊन आला, त्याला मात्र नारळ लागला. अर्धा चहा बशीत गेला.

मी नमस्कार करून माझं पाठ केलेलं वाक्य सुरू करणार, तेवढ्यात आप्पा उठले.

“साहेब, आमची शाळा शुक्रावर आहे,” ते म्हणाले. साहेबांशी बोलताना त्यांची भाषा शुद्ध होत असे.

“असं?” बेहेरे साहेबांनी चेहरा हलू दिला नाही. “कुणी शोधलं?”

आप्पांनी मेहजबीनकडे बोट केलं. ती उभी राहिली.

“शुक्रावर तापमान काय असतं?” साहेबांनी विचारलं.

“शिसं वितळेल एवढं, साहेब.”

“आणि इथं?”

“इथं पंखा बंद असला तरी चालतंय.”

“मग?”

“मग हा शुक्र नाही. पण झोका शुक्राचा आहे.” नारळाकडे बघत तिनं पुढे म्हटलं, “कुठं चुकलं ते अजून सापडलेलं नाही.”

आप्पा खाली बसले. आपण चुकीच्या बाजूनं बोललो की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आली.

“मागच्या शाळेत,” बेहेरे साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “मुलांनी मला पाच ग्रह दाखवले. फार छान दाखवले. मी म्हटलं, आता खरा लंबक दाखवा. तर दोरी शोधण्यात तास गेला.” त्यांनी बशीतला चहा कपात ओतला. “तुमच्याकडे दोरी आहे. पण शाळा शुक्रावर आहे.”

मी मदतीसाठी मागे बघितलं. वडगावे सर स्टुलावर बसून छताकडे बघत होते.

“चालू द्या तुमचं,” साहेब मुलांना म्हणाले.

मेहजबीन पहिल्या संगणकासमोर बसली. बाकीची मुलं तिच्या खुर्चीमागे गोळा झाली. तिनं यादीतून पृथ्वी निवडली.

“शुक्र लाव की,” धनपाल म्हणाला. “शुक्र जमतोय तर.”

“पृथ्वीच ठेवायची. आपण पृथ्वीवर आहोत हे धरून चालायचं.”

“बाईंनी सांगितलं म्हणून?”

“शिसं वितळलं नाही म्हणून.”

तिनं वजनाची कळ पूर्ण उजवीकडे नेली. लंबक होता तसाच चालत राहिला. डावीकडे नेली. तसाच. मग आवाक्याची कळ थोडी हलवली. काही फरक नाही म्हणण्याइतका कमी फरक.

“वजन नाही. आवाका नाही,” ती स्वतःशी बोलत होती. “राहिली लांबी.”

“लांबी मी मोजलीय,” धनपाल म्हणाला. “माझ्या नावावर बिल फाडू नकोस.”

तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. लांबीची कळ एकेक टिचकीनं पुढे नेऊ लागली. एक मीटर पाच सेंटीमीटर: वीस झोक्यांना एक्केचाळीस सेकंद. आणखी पुढे. एक मीटर दहावर तिनं हात थांबवला आणि मुलं कोरसमध्ये झोके मोजू लागली. विसाव्याला पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बेचाळीसवर थांबलं.

मी वर्षभर हा प्रयोग शिकवत होते. ग्रह निवडा, लांबी निवडा, वेळ बघा. तो असा उलट्या बाजूनं चालवलेला मी पहिल्यांदा बघत होते.

मेहजबीन खुर्चीतच वळली. “संगणक म्हणतोय, पृथ्वीवर असाल तर तुमची दोरी एक मीटर दहा आहे.”

“संगणकाला काय कळतंय?” धनपाल चिडला. “त्यानं टेप लावली होती काय?” त्यानं टेप आणली, स्टुलावर चढला आणि सगळ्यांसमोर पुन्हा मोजली. खिळ्यापासून खाली गाठीपर्यंत. “बघा. शंभर सेंटीमीटर. न एक कमी, न एक जास्त. साहेब, तुम्ही बघा.”

बेहेरे साहेबांनी उठून बघितलं. “शंभर,” त्यांनी मान्य केलं.

“मग दहा सेंटीमीटर गेले कुठं?”

शोध सुरू झाला. काहींनी खिळा वाकलाय का ते बघितलं. कुणी म्हणालं, झोका घेताना दोरी ताणली जात असेल. ओढून बघितली, सुतळी जाड होती, ताणली जाईना. धनपालनं दाराच्या मागे जाऊन बघितलं, कशासाठी ते त्यालाच माहीत. आप्पाही उठले आणि उंबऱ्यापाशी वाकून बघायला लागले, जणू दहा सेंटीमीटर खाली पडले असावेत. वडगावे सरांनी छताकडे बघणं सोडून दिलं होतं. ते आता स्टुलाच्या कडेवर बसून पुढे झुकले होते, किल्ली मुठीत घट्ट धरलेली, आणि त्यांचे ओठ नकळत हलत होते. सांगायचं नाही हे त्यांना आता जड जात होतं.

मेहजबीन एकटी पडद्यासमोरून उठली नव्हती. तिनं पडद्यावर बोट टेकवलं. दोरीच्या वरच्या टोकापासून ते सावकाश खाली आणलं. लांबी दाखवणारी एक पिवळी रेघ दोरीच्या शेजारून जात होती. रेघ दोरी संपते तिथं थांबत नव्हती. ती वाटाण्याएवढ्या गोळ्यात शिरून त्याच्या मध्यावर थांबत होती. दहा महिने ती तिथंच होती.

मेहजबीन उठून दाराशी गेली, धनपालच्या हातातली टेप घेतली, तिचं टोक गाठीवर धरलं आणि शेंडीवरून नारळाच्या पोटापर्यंत आणली.

“चार शेंडी,” ती म्हणाली. “आणि सहा अर्धा नारळ.”

आधी कुणालाच कळलं नाही. मग एकदम सगळ्यांना कळलं.

“म्हंजे शुक्र नारळाच्या पोटात होता,” धनपाल म्हणाला.

वडगावे सरांनी किल्लीवरची मूठ सोडली. “गोळ्याच्या मध्यापर्यंत,” ते बेहेरे साहेबांना म्हणाले. “लांबी मध्यापर्यंत धरायची. हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. पोरं उतरवून घेतात, मीही पुसून टाकतो.” मग ते उठून बाहेर गेले. प्रयोगशाळेचं कपाट उघडल्याचा करकर आवाज आम्हाला इथवर ऐकू आला.

तोवर मुलांनी दोरी वर ओढून पुन्हा बांधली, खिळ्यापासून नारळाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. धनपालला आता मोजायला कुणी देत नव्हतं, तरी त्यानं मोजली. मेहजबीननं नारळ सोडला. सगळी खोली मोजत होती, आप्पांसह.

विसाव्या झोक्याला घड्याळ थांबलं. साडेचाळीस.

“पृथ्वी,” मी म्हणाले. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा आला.

“साडेचाळीस,” मेहजबीन म्हणाली. “पडद्यावर चाळीसला संपतात.”

“अर्धा सेकंद म्हणजे हाताची चूक. घड्याळ दाबताना होते.”

“मग कधी जास्त यायला हवं, कधी कमी.” तिनं पुन्हा मोजलं. साडेचाळीस. धनपालनं मोजलं. साडेचाळीस.

मी डोळ्यांनी तिला विनवत होते, की बाई, पुरे, पृथ्वीवर आलो आहोत, उतरून घे. बेहेरे साहेब मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. “मग काय म्हणणं आहे?”

“मध्य आम्ही बाहेरून धरला, साहेब. आत अर्धं पाणी असेल तर वजन खाली जाईल. मग खरा मध्य थोडा खाली.”

“आणि पाणी नसेल तर?”

“तर अजून काहीतरी चुकलंय.”

“त्यात काय एवढं?” आप्पांनी नारळ दोरीसकट हातात घेतला. “फोडून बघू की. खांदा बरा झालाय माझा आता. त्या पाचव्या संगणकाचंबी मार्गी लागंल.” साहेबांसमोरची शुद्ध भाषा त्यांनी आता सोडून दिली होती.

वडगावे सर तेवढ्यात परत आले. त्यांच्या हातात पितळेचा गोळा होता, पुसून लख्ख केलेला. त्यांनी तो मेहजबीनसमोर धरला. “हा घे. याचा मध्य शोधावा लागत नाही. तो खुशाल फोडा.”

सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं गोळा घेतला, तळहातावर तोलला आणि टेबलावर ठेवला.

“फोडायचा नाही,” ती म्हणाली. “फोडला तर पाणी आहे का ते कळेल. पण झोक्यात ते पाणी काय करतं, ते नाही कळणार.”

“आणि पाचवा संगणक?” धनपालनं विचारलं.

“तो अडकू दे.”

हात वर करून मत घेतलं. फोडण्याच्या बाजूनं आप्पांचा एकच हात होता, तो दुखरा. त्यांनी नारळ सोडला. तो जाऊन पुन्हा शिपायाला लागला.

बेहेरे साहेब उठले. जाताना पाचव्या संगणकापाशी थांबले. पडद्यावर गोळा झोक्याच्या मध्येच, हवेत तिरका, थिजून उभा होता.

“याला काय झालं?”

“त्याचा नारळ व्हायचाय साहेब,” धनपाल म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तेवढा वेळ त्यांची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे ते हसले की नाही याबद्दल वर्गात नंतर दोन तट पडले. “बघू,” एवढंच ते मला म्हणाले. दारात एक झोका जाऊ दिला आणि बाहेर पडले.

आम्ही सगळे खिडकीत उभे होतो. ड्रायव्हर हौद्यातली पोती उचलून उतरायला लागला होता. साहेबांनी त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं पोती परत टाकली. टेम्पो वळला आणि रिकामाच गेला.

संगणक राहू द्या, असं पत्र कधी आलं नाही. परत पाठवा, असंही आलं नाही. माझं मानधन पुढच्या महिन्यात आलं, त्याच्या पुढच्याही. मी दोनदा लिहून विचारलं, तेव्हा ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं. त्या एका ओळीवर मी तांबडवड्यात सहा वर्षं काढली.

वडगावे सर दोन महिन्यांनी निवृत्त झाले. जाताना कपाटाची किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मेहजबीन आता पुण्याला मापं आणि काटे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. धनपालनं गावात बी-बियाण्याचं दुकान टाकलंय आणि तो शाळेच्या समितीवर आहे. जुन्या पाचांपैकी चार संगणक मोडीत गेले, नवे आले. पाचवा कपाटावर आहे. दर वर्षी कुणीतरी तो लावून बघतं आणि तो दर वर्षी मध्येच कुठंतरी अडकतो. विश्वस्त संस्थेकडून अजून काही कळलेलं नाही.

नारळ त्याच खिळ्याला आहे. दर साली नववी तो झुलवते आणि मोजते. गेल्या दिवाळीत मेहजबीन गावी आली होती, तेव्हा ती आणि धनपाल शाळेत गेले आणि त्यांनी तो खाली उतरवून कानाशी हलवून बघितला. संध्याकाळी दोघांचेही मला वेगवेगळे फोन आले. धनपालचं म्हणणं, आत पाणी वाजतं. मेहजबीन म्हणते, वाजत नाही.